लाल दिव्याचं तुम्ही सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आत्ता, पंचावन्नाव्या वर्षी, तुम्हाला सांगायला बसलोय.

गोष्ट गाडीतल्या तेलाची आहे. हसाल तुम्ही. इंजिन ऑइलची भीती माणसाला आठ वर्षं पुरते का? मला पुरली.

दादा, माझा थोरला भाऊ, शाळेतून रिटायर झाला आणि त्या दसऱ्याला त्यानं आयुष्यातली पहिली नवी गाडी घेतली. बोनेटवर शमीची पानं ठेवली, नारळ फोडला. पण गाडी खरी आपलीशी केली ती वहिनींनी. चोपन्नाव्या वर्षी शिकल्या. इथं ग्वाल्हेरात शिंदे की छावनीतून फूलबागेपर्यंत एकट्या जायच्या आणि परत आल्या की म्हणायच्या, "भाऊजी, तुमचे दादा शेजारी नसले ना, तर गाडी फार गुणी आहे हो. ते बसले की ब्रेक त्यांच्याच पायात!"

मी ट्रकच्या वर्कशॉपमध्ये उमर काढलेला माणूस. आमच्याकडे खंडेनवमीला अजून शस्त्रपूजा होते. पणजोबांच्या तलवारीशेजारी पाटावर माझे पान्हेही मांडतात. ज्याच्या पान्ह्यांना घरात हळदकुंकू लागतं, त्याला गाडीच्या कंपनीचं पुस्तक उघडून कोण दाखवणार?

पुस्तकात लिहिलं होतं, झीरो-डब्ल्यू-ट्वेंटी. म्हणजे अगदी पातळ तेल. मी दादाला म्हटलं, "हे पाणी आहे पाणी. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात टिकेल का?" आणि नया बाजारातून ट्वेंटी-फिफ्टीचा डबा आणून गाडीत ओतला. दाट, मधासारखं. हाताला बरं वाटलं ते — ट्रकमध्ये जन्मभर तेच ओतलं होतं ना. नव्या इंजिनातल्या, त्यातही इंजिनात हवा रेटणाऱ्या टर्बोतल्या, वाटा बारीक असतात, तेल तिथं झटकन पोचावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं का? ऐकून होतो. मानायचं नव्हतं.

मे महिना छान गेला. मी मे महिन्याचाच विचार केला होता. ग्वाल्हेरला जानेवारीही असतो, हे विसरलो.

त्या जानेवारीत सकाळचं धुकं दहा-दहा वाजेपर्यंत हटत नव्हतं. एकदा पोहे वाढताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी सुरू केली की तो तेलाचा लाल दिवा लवकर विझत नाही." गारठ्यात दाट तेल वर चढत नव्हतं — मला तिथंच, पोह्यांच्या बशीसमोर कळलं. मी म्हणालो, "थंडी आहे वहिनी. काही होत नाही." चार दिवसांनी फाटकापाशी त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तेच म्हणालो. तेल काढलं असतं तर का काढलं, हे सांगावं लागलं असतं.

मग एका सकाळी पुलाच्या चढावर गाडीनं निळा धूर सोडला आणि दम तोडला. मागे धुक्यात ट्रक होता. तो हातभर अंतरावर थांबला. ट्रकवाल्याची शिवी वहिनींनी घरी येऊन सांगितली नाही, फक्त दोन्ही हात पदरात लपवून बसून राहिल्या.

हे सगळं चुकीत धरता येईल. पुढचं नाही.

गाडी ओढून घरी आणली. "बघतो जरा," म्हणत मी खाली शिरलो, ते दाट तेल काढून टाकलं आणि पुस्तकातलं पातळ तेल भरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. तिथला मिस्त्री म्हणाला, "टर्बो गया, साहब. लाल बत्ती जली होगी, मैडम ने ध्यान नहीं दिया."

"दिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी भाऊजींना सांगितलं होतं." आणि माझ्याकडे पाहिलं. दादानंही पाहिलं.



"नाही हो वहिनी," मी म्हणालो. "मला नाही सांगितलंत."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या विचारात पडल्या. "असं होय?" म्हणाल्या. "मला तर वाटलं, सांगितलं."

गाडी दुरुस्त झाली. वहिनी पुन्हा चालवायला बसल्या नाहीत. पण मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा सोडला. गॅस बंद केला की येऊन दोनदा बघतात. दुधाचं, गोळीचं, कुणाच्या फोनचं, सगळं कॅलेंडरवर लिहून ठेवतात. पाहुण्यांना हसून सांगतात, "माझं काही खरं नाही हो, मी न बोललेलं बोलले म्हणते." दादा त्यांना डॉक्टरकडेही घेऊन गेला. गाडी मीच चालवत होतो. डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीनं, मीनलनं, नवी गाडी घेतली. मला म्हणाली, "काका, इसमें कौनसा ऑइल डलेगा? नेटवर तर पाच-पाच नंबर दिसतायत." मी पुस्तक मागितलं. नंबर मोठ्यानं वाचला, दोनदा. आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजींनाच विचारत जा गं. त्यांच्या सगळं लक्षात असतं."

हे मी आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहितोय. वहिनी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. हे पान कधी उलटतील, माहीत नाही. त्या वेळी मी घरात असेन की नसेन, तेही माहीत नाही.

वहिनी, तुम्ही मला सांगितलं होतं. पोहे वाढताना एकदा आणि फाटकापाशी एकदा.