वडे की कण्या

आम्ही आमचे देव कन्हान नदीत बुडवले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. दीक्षेनंतरचाच आठवडा होता. वडिलांनी देवांचे टाक, शेंदराने लडबडलेला मरीमायचा दगड, दोन घंटा असे सगळे पोत्यात घातले आणि पोत्याचे तोंड मी सुतळीने आवळले. आईने तेवढी पितळेची ताटली काढून घेतली. म्हणाली, "हे कायले बुडवता? कणिक मळाच्या कामी येते." वस्तीतले पाच-सहा जण सायकलींवर पोती लादून निघाले आणि संध्याकाळी हात हलवत परत आले. वडिलांनी आंघोळ केली, जेवले आणि म्हणाले, "झालं. आता आपण कोणाच्या खाली नाही अन् कोणाच्या वरही नाही."

यातले पहिले अर्धे वाक्य आमच्या लोकांनी पाठ केले. दुसऱ्या अर्ध्याची किती जणांनी फिकीर केली ते सांगते.

आमच्या जातीच्या आत पोटजाती होत्या. बाहेरच्यांना आम्ही सगळे सारखेच अस्पृश्य होतो, पण आतल्या आत कोण कोणाला मुलगी देतो आणि कोण देत नाही याचे नियम पक्के होते. आमच्याहून वरच्या समजल्या जाणाऱ्या पोटजातीत आखाडात मरीमायला वड्यांचा नैवेद्य असे. आमच्यात ज्वारीच्या कण्या. भरडलेली ज्वारी, मीठ, पाणी. कारण इतकेच की आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरी तळायला तेल नव्हते. तेल नव्हते त्याची रीत झाली आणि रीतीवरून माणूस हलका ठरला.

दीक्षेनंतर पोटजात विचारायची सोय राहिली नाही. विहारात सगळे 'आपण बौद्ध' म्हणत. पण मुलीची सोयरीक निघाली की विचारायचे तर असतेच. मग लोकांनी युक्ती काढली. पोटजात विचारायची नाही, देवीला काय दाखवत होता ते विचारायचे. ज्या देवीला स्वतःच्या हातांनी नदीत टाकले तिलाच बाहेर काढायचे आणि तिच्यापुढचे ताट बघायचे.

मी शिवणकाम करते. माझे लग्न नात्यातच झाले, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला आला नाही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान बहिणीच्या वाट्याला आला. एकोणिसाव्या वर्षी तिला चांगले स्थळ आले. मुलगा खापरखेड्याच्या वीजघरात फिटर, कॉलनीत दोन खोल्या, नळ घरात. मुलाचे वडील आमच्या भागातले बोलके गृहस्थ. दर रविवारी विहारात उभे राहून समतेवर बोलायचे, आवाज खणखणीत. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधीच्या रविवारी ते म्हणाले होते की माणसामाणसात भेद करणाऱ्याला दीक्षेचा अर्थच कळला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

साक्षगंधाला ते आले, सोबत त्यांची मोठी बहीण, म्हणजे मुलाची आत्या. सगळे घर तिच्या धाकात आहे हे बसण्यावरूनच कळले. तिने याआधी सख्ख्या भाचीचे ठरलेले लग्न मोडले होते, हे आम्हाला माहीत होते. बहीण आत पांढरी साडी नेसून बसली होती. लग्नाचा पांढरा ब्लाउज मी आधीच बेतून ठेवला होता. घाई मला नडते, पण तेव्हा मी घाई केली.

आत्याने पोहे संपवले, बशी खाली ठेवली.

"पाहुणे, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसाले सवय असते. अगोदर तुमच्याइकडे मरीमायले काय दाखवत होते गा?"

वडिलांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिले. समतेवर बोलणारे गृहस्थ छताकडे बघत होते. आमच्या छताला मातीचे कवेलू होते. त्यात बघण्यासारखे काही नव्हते.

वडील खाकरले. "वडे."

"वडे?" आत्या माझ्याकडे वळली. "तू सांग वं, मोठी. कायचे वडे?"

"उडदाच्या डाळीचे," मी म्हणाले. जराही न अडखळता. शेजारच्या मैत्रिणीच्या घरी मी ते पाहिले होते. आई गंजातला चहा ढवळत राहिली.

"मंग बरोबर," आत्या म्हणाली. तेव्हा कुठे मुलाच्या वडिलांची नजर छतावरून खाली आली आणि त्यांनी हसत माझ्या वडिलांचे हात धरले.

मला त्या दिवशी किळस आली ती आत्याची नाही. ती जुनी बाई होती, जे शिकली ते विचारत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई राहायची, ब्लाउज शिवायला टाकायची आणि घरी गेले की मला चहा वेगळ्या कपात द्यायची. कप खिडकीत उपडा ठेवलेला असे. तिचाही मला राग यायचा, पण किळस नाही. तिने काही सोडल्याचे कधी सांगितले नव्हते. किळस आली ती छताकडे बघणाऱ्याची. आणि 'उडदाच्या डाळीचे' म्हणणारीची.

लग्न विहारातच झाले. दोन मेणबत्त्या, बुद्धाची मूर्ती, सगळे हात जोडून उभे. पंचशील म्हणताना चौथे शील आले, खोटे न बोलण्याचे. वडील नेहमी मोठ्याने म्हणायचे. त्या दिवशी चौथ्या शीलाला त्यांचा आवाज खाली गेला आणि पाचव्याला पुन्हा वर आला. मी त्यांच्या शेजारीच होते.

त्यानंतर बहिणीचा संसार त्या एका शब्दावर उभा राहिला. कळले तर आत्या तिला माहेरी पाठवेल ही भीती खरी होती, आणि नवरा आत्यापुढे तोंड उघडणार नाही हेही खरे होते. मीच बहिणीला पढवले. वडे किती, डाळ किती वेळ भिजवायची, नैवेद्य कोणत्या वारी. ती हुशार होती, सगळे पाठ केले. आई खापरखेड्याला जाई ती सकाळच्या बसने आणि दुपारच्या बसने परत. मुक्काम कधी केला नाही. म्हणायची, "माह्या तोंडून निंगून जाईन वं काही." लेकीच्या घरच्या नळाचे तिला फार कौतुक होते, पण तिथे एकदाही न राहता ती गेली. आत्या तिच्याही आधी गेली होती. तरी भीती गेली नाही, सवय झाली होती.

तेवीस वर्षांनी बहिणीच्या मुलीला स्थळ आले. मुलगा कन्हानकडचा, खाणीत कारकून, बाप नाही. पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बोलणी माझ्या घरी ठरली, कारण माझे घर दोन्हीकडच्यांना सोयीचे. मी मशीन कोपऱ्यात सरकवली, चादर बदलली. बहीण, तिचा नवरा आणि भाची सकाळीच आले. मुलाची आई आली. कोळशाच्या गावात राहूनही लुगडे स्वच्छ, हात कामाचे. मला बाई आवडली.

चहा झाला. मग माझी बहीण, माझ्या हाताखाली पढलेली माझी बहीण, बशी खाली ठेवून पदर सारखा करत म्हणाली, "बाई, एक विचारू? अगोदर तुमच्याइकडे मरीमायले काय होतं?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तेच वाक्य, तसेच बशी खाली ठेवणे.

कन्हानच्या बाईने पायाच्या अंगठ्याकडे पाहिले. खाकरली. म्हणाली, "वडे."

ते खाकरणे मला ओळखीचे होते. बहिणीने आता डाळ विचारावी आणि त्या बाईने कुठेतरी पाहिलेली डाळ सांगावी, हे मला बसून ऐकवेना.

"आमच्या घरी कण्या होत्या," मी म्हणाले. "हिच्या माहेरीही कण्याच. ते एकच घर आहे. वडे मी सांगितले होते, खोटे."

बहिणीचा चेहरा उतरला. "काय बोलून राहिली तू? डोकं फिरलं काय तुहं?"

"तेवीस वर्षं फिरलेलं होतं. आता ठिकाणावर आलं."

मी तिच्या नवऱ्याकडे पाहिले. तेवीस वर्षांचा संसार, तीन मुले, पन्नाशीला आलेला माणूस. त्याने एक शब्द बोलायला हवा होता, हो किंवा नाही, शिवी चालली असती. तो छताकडे बघत होता. आता माझ्याकडे स्लॅब आहे. त्यातही बघण्यासारखे काही नाही.

कन्हानची बाई हळूच म्हणाली, "मंग आमच्याइकडेही कण्याच होत्या."

"मग विचारलं कायले अन् सांगतलं कायले?" मी म्हणाले.

तेवढ्यात भाची आतून ट्रे न्यायला आली. कण्या हा शब्द तिने आतूनच ऐकला होता. कप गोळा करता करता तिने मला विचारले, "मावशी, कण्या म्हणजे काय?"

मी तिला सांगितले. ज्वारी, मीठ, पाणी.

"बस, इतकंच?" ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

भाचीचे लग्न त्याच मुलाशी झाले. नवऱ्याने बहिणीला घराबाहेर काढले नाही, काही विचारलेही नाही. कॉलनीत रोज सकाळी पूर्वीसारखाच घरातल्या नळाचे पाणी भरतो म्हणतात. इतकी वर्षे आम्ही ज्याला घाबरलो ते असे निघाले. बहीण मात्र माझ्या दारात येत नाही. भाचीचा पांढरा ब्लाउज मीच शिवला. माप भाचीने स्वतः येऊन दिले आणि आईचा निरोपही सांगितला: बाही कोपरापर्यंत घे.

लग्नाच्या दिवशी विहारात मी मागे उभी होते. चौथे शील आले तेव्हा मी मोठ्याने म्हटले. समोर बहीण उभी होती. तिने मान वळवली नाही आणि तिचा आवाजही मला ऐकू आला नाही.