विमानावरचा शेवटचा आकडा

काल चिरलेल्या कांद्यावर सिरका ओतला आणि त्या वासासरशी मी दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या माडीवर जाऊन पोचले.

भर दुपार होती. वायुदलात मेकॅनिक राहिलेले माझे काका प्लास्टिकच्या छोट्या विमानावर आकडे चिकटवत होते. त्यांचा एक मित्र ज्या विमानातून गेला आणि परतलाच नाही, त्या विमानाचा तो नंबर होता. ते विमान कुणाला सापडलंही नव्हतं.

काका छापील कागदाचा तुकडा बशीतल्या पाण्यात सोडत. जरा वेळाने आकड्याचा पातळ पापुद्रा कागदावरून सुटायचा. मग काका तो ब्रशने विमानाच्या पंखावर सरकवत आणि नीट बसावा म्हणून वरून थोडा सिरका लावत. पापुद्रा उडू नये म्हणून खोलीतला पंखा बंद होता, खिडक्याही बंद होत्या.

“काका, जीव घुसमटून राहिला माझा,” मी म्हणाले.

“चलो, एकच आकडा राहिला.”

तो त्यांनी बोटाने अलगद दाबला आणि हात मागे घेतला. तेवढ्यात विमानाच्या नाकावरचं पातं फिरायला लागलं. आधी हळू, मग वेगाने. बशीतलं पाणी मात्र जराही हललं नव्हतं.

काका खाली वाकून हलकेच म्हणाले, “बडी देर कर दी, भैया.”

मी दाराकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

तेव्हा मी त्या पात्याला घाबरले होते. आता काकांचा आवाज आठवला की अंगावर काटा येतो. उशिरा घरी आलेल्या माणसाशी बोलावं, इतका तो साधा होता.