एकाच दिशेचा बाण

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा माझ्याकडे स्वतःचं असं ज्ञान फारसं नव्हतं. एक वही होती. माझ्या सरांनी सांगितलेल्या नोट्सची. ते वाचून दाखवायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. आता मी वाचून दाखवायचो आणि समोरची मुलं लिहून घ्यायची. मधल्या वर्षांत विषय पुढे गेला असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं.

जिवाणू आपल्या डीएनएची प्रत कशी काढतो, हा भाग शिकवायला मला विशेष आवडायचा. जिवाणूचा डीएनए म्हणजे बांगडीसारखं बंद कडं. त्यावर एक ठरलेली जागा असते. तिथे त्याचे दोन पदर सुटतात आणि प्रत्येक जुन्या पदरासमोर नवा पदर तयार होत जातो. माझ्या वहीप्रमाणे हे काम त्या जागेपासून एकाच दिशेने निघून कड्याची पूर्ण फेरी मारायचं. तसा एकच बाण मी फळ्यावर काढायचो.

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. मानखुर्दहून बसने यायची. घरी अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून लायब्ररी बंद होईपर्यंत तिथेच बसायची. तिला एम.एस्सी. करायचं होतं. त्यासाठी प्रथम वर्ग लागत होता आणि तिचे गुण अगदी काठावर होते.

तिने जर्नलमध्ये दोन बाण काढले. एकाच जागेवरून निघून कड्याच्या दोन बाजूंनी जाणारे आणि समोरच्या टोकाला भेटणारे. मी लाल पेनने ते पान खोडलं.

"सर, पुस्तकात दोन्ही बाजूंनी दिलंय."

"कुठल्या पुस्तकात?"

"लायब्ररीतल्या. घरी देत नाहीत ते. तिथेच बसून वाचलं."

"मग जर्नलवर सही पण लायब्रेरियनकडून घे," मी म्हणालो. वर्ग हसला. "पान पुन्हा काढ. नाहीतर सर्टिफाय करणार नाही."

सही नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता यायचं नाही. शेजारची मैत्रीण तिला कोपराने ढोसत म्हणाली, "काढ ना गं गुपचूप. एका बाणासाठी वर्ष घालवतेस का, यार?"

त्याच संध्याकाळी मी लायब्ररीत जाऊन ते पुस्तक काढलं. दोन बाण होते. पुस्तक काही नवीन आलेलं नव्हतं, मी नोकरीला लागण्याआधीपासून त्या कपाटात होतं. पुढच्याच पानावर दिलं होतं की प्रत काढणारं विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक जोडणी तपासतं, आणि चूक झाली तर मागे येऊन ती काढून टाकतं. हे मात्र माझ्या वहीतही होतं. मी ते मोठ्या कौतुकाने शिकवलंही होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नवं पान आणलं. एकच बाण, कर्कटक लावून काढावा इतका नेटका. मला बोलायचं होतं. पण तिच्यामागे वीस मुलं रांगेत उभी होती आणि त्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये मीच सांगितलेला एकच बाण होता. मी सही केली आणि "गुड" म्हणालो.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक मॅडम आल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. काही गुण माझ्याही हातात होते. बाकीच्यांना मॅडमनी दुसरेच प्रश्न विचारले. तिला नेमकं तेच काढून दाखवायला सांगितलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एक बाण काढला.

"पूर्ण फेरी एकाच बाजूने?"

"हो, मॅडम."

"नक्की?"

तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीचा कागद वाचू लागलो.

"हो."

"अगं, कुठल्या जमान्यातलं सांगतेस? कोणी शिकवलं तुला हे?"

"मीच नीट वाचलं नव्हतं, मॅडम," ती म्हणाली.

हे मी शिकवलं, एवढंच म्हणायचं होतं. मॅडमनी गुण लिहिले, मी खाली सही केली आणि पुढच्या मुलाला आत बोलावलं.

तिचा प्रथम वर्ग थोडक्यात हुकला. त्या एका प्रश्नामुळेच हुकला का, हे मला सांगता येणार नाही. पाहता आलं असतं. मी पाहिलं नाही.

जूनमध्ये ती शिफारसपत्र मागायला आली. मुलुंडच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेतली नोकरी होती. मी मनापासून लिहिलं: कष्टाळू, प्रामाणिक, तल्लख. स्टाफरूममध्ये दोन सहकारी चहा पीत बसले होते. तिने उभ्यानेच पत्र वाचलं.

"सर, एक राहिलं."

"काय गं?"

"ते पान. मी बरोबर काढलं होतं."

"अगं, असल्या पत्रात ते कसं लिहिणार?"

"पत्रात नको, सर," ती म्हणाली आणि थांबली.

सहकाऱ्यांच्या गप्पा थांबल्या होत्या. मी म्हणालो, "शिक्षण सोडू नकोस हं. बाहेरून का होईना, पुढे शीक."

"हो, सर."

तिने पत्राची घडी घातली आणि गेली. पुढे ती शिकली की नाही, याची मी कधी चौकशी केली नाही. तिच्या मैत्रिणीला विचारलं असतं तर सहज कळलं असतं. पण मग पत्ताही कळला असता, आणि तिच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं.