माझ्या लग्नाची पत्रिका उघडू नका

माझं लग्न एका गुरुवारी जमलं, तेव्हा मी वरणभात खात होते.

बातमी माजलगावच्या मावशीने फोनवर दिली. "रेणे, एवढं लग्न जमलं अन् मावशीला मोबाईलवर पत्रिका? घरी येऊन अक्षता द्यायला माजलगाव काय काशीला हाय का?"

"कुणाचं लग्न, मावशी?"

"आता कुणाचं म्हणं! तुझ्या बापानंच पाठवलीय. 'आमच्या घरचं शुभकार्य, सहकुटुंब यावे.' तुमच्या घरात लग्नाचं दुसरं कोण उरलंय? अन् ही उघडंना कावून? माझं नाव टाकलंय ना?"

मी घास गिळला आणि समोर पाहिलं. पप्पा निवांत ताक पीत होते. मुलीचं लग्न जमवलेल्या बापाच्या चेहऱ्यावर जे काही असतं, त्यातलं काहीच तिथे नव्हतं. होती ती फक्त ताकाची मिशी.

"पप्पा, तुमचा फोन बघू."

"सकाळपासून बिघडलाय. माझंच व्हॉट्सॲप मलाच विचारतंय, तुमचा नंबर काय!"

इथे थोडं आमच्याकडच्या लग्नपत्रिकांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पत्रिका तारीख बघायला कुणी उघडत नाही. तारीख सगळ्यांना आधीच पाठ असते. पत्रिका उघडायची ती स्वतःचं नाव शोधायला. वर देव, मधे नवरानवरी (जागा उरली तर), आणि त्याखाली निमंत्रक, प्रेषक, संयोजक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक अशी अख्ख्या गावाची मतदारयादी. ज्याचं नाव सुटलं, तो लग्नाला येतो, जेवतो आणि मग वर्षानुवर्षं बोलत नाही.

पप्पांचं वडवणीत बी-बियाण्यांचं दुकान आहे, पण त्यांची खरी प्रसिद्धी फेटे बांधण्यात. त्यामुळे आसपासच्या निम्म्या पत्रिकांत ते कुठे ना कुठे छापलेले असतातच. आदल्या दिवशी अनोळखी नंबरवरून एक पत्रिका आली आणि त्यांनी साहजिकच आपलं नाव शोधायला घेतलं.

"उघडताना मोबाईलने काही विचारलं का?"

"लई विचारलं! आधी म्हणलं इन्स्टॉल करू का. कर. मेसेज वाचू का? वाच. नंबर बघू का? बघ. निमंत्रण घेऊन आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं गं?"

"मग?"

"मग काही नाही. माझं नाव होतं की नव्हतं, देव जाणे."

ती पत्रिका नव्हतीच, पत्रिकेच्या नावाचं ॲप होतं. त्या ॲपने पप्पांच्या मोबाईलवर आलेला कोड वाचला, त्या कोडवर चोराने पप्पांचं व्हॉट्सॲप स्वतःच्या मोबाईलवर सुरू केलं, आणि आता तो पप्पांच्या नावाने तेच ॲप सगळ्या पाहुण्यांना वाटत होता. (आमच्या घरात आजवर इतक्या झटपट निमंत्रणं कुणी वाटली नव्हती.)

हे निस्तरायचं काम माझ्यावर आलं. मी बीडला इंग्रजी माध्यमात शिकले, त्यामुळे ज्या वस्तूवर इंग्रजी लिहिलेलं आहे ती बिघडली की मला हाक मारायची, अशी घरची पद्धत आहे. गिझरसुद्धा माझ्याकडेच आहे! पण मी ज्या कामाला सगळ्यात जास्त घाबरते ते काम म्हणजे अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं. 'हॅलो' म्हणण्याआधी मला पाणी लागतं.

एक तांब्या संपवून मी सायबर हेल्पलाइनला फोन लावला.

"पत्रिका कुणाच्या लग्नाची होती, मॅडम?" पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"मग लोक काय समजतायत?"

"माझ्या."

"अच्छा, अभिनंदन! नाही... म्हणजे... सॉरी. मोबाईलचं नेट आधी बंद करा. ते ॲप काढा. बँकेला कळवा. आणि सगळ्यांना सांगा, ती फाईल उघडू नका."

माणूस भला होता. मी सगळं तसंच केलं. बँकेचं खातं सुरक्षित होतं, कारण त्याला मम्मीचा नंबर जोडलेला होता आणि मम्मी कुणाचीच पत्रिका पहिल्या दिवशी उघडत नाही. मग पप्पांचं व्हॉट्सॲप पुन्हा सुरू करायला घेतलं. कोड आला, टाकला, चोर बाहेर फेकला गेला! पप्पांनी टाळी द्यायला हात पुढे केला, तोवर पडद्यावर नवा प्रश्न आला. चोराने जाताना स्वतःचा पिन लावून ठेवला होता. तो नसेल तर आठवडाभर थांबा. म्हणजे चोर बाहेर, मालक बाहेर आणि घराला कुलूप!

पण गेलेल्या पत्रिका गेल्याच होत्या. तेव्हा मम्मीने पुढाकार घेऊन स्वतःच्या मोबाईलवर स्टेटस ठेवलं : 'आमच्याकडून आलेली पत्रिका कृपया कोणीही उघडू नये.'

याहून घातक वाक्य मराठीत आजवर लिहिलं गेलं नसेल.

ज्यांनी पत्रिकेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तेही आता ती उघडायला बसले. फोनवर फोन. "आमचं नाव गाळलं म्हणून उघडू नका व्हय?" "जावांची नावं टाकली असतील, आमची कशाला!" शेजारच्या काकू थेट दारात आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मोडलं का गं? जाऊ दे. दुसरा मिळंल." ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, त्या मुलाला सोडून मी पुढेही निघाले होते!

तेवढ्यात मम्मीचा चेहरा पांढरा पडला. "अहो, कड्याचा दादा!"

दादा म्हणजे कडा गावचे माझे मामा. ते मुकादम आहेत, ऊसतोडीची टोळी घेऊन दरवर्षी कारखान्यावर जातात. हंगाम तोंडावर होता, आणि टोळीला आगाऊ वाटायच्या पैशांची सगळी उचल मामांच्या खात्यात होती. ते खातं त्यांच्याच मोबाईलला जोडलेलं.

पप्पा खुर्चीवर बसले ते बसलेच. इतका वेळ ते हसण्यावारी नेत होते. आता हळूच म्हणाले, "माझं नाव बघायच्या हौसेपायी त्या टोळीतल्या बायामाणसांची उचल गेली, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मम्मीने मामांना फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. मग मामींना लावला.

"ते म्हणत्यात, बहिणीशी बोलायचं न्हाई," मामी म्हणाल्या. "भाचीचं लग्न परस्पर ठरीवलं म्हणून लई चिडलेत."

"करतोय काय तो?"

"पत्रिका उघडायलेत. बोट झिजलं पार."

मी मम्मीच्या हातातून फोन ओढून घेतला. पाणीसुद्धा न पिता! "मामी, मामांना द्या. नवरी बोलतेय म्हणा."

मामा लगेच आले. "बोल रेणे. तुझ्यावर राग न्हाई माझा. थांब, हे काहीतरी इन्स्टॉल करू का म्हणायलंय, दाबतो अन् मग..."

"दाबू नका! मामा, ते मालवेअर आहे. तुमचे ओटीपी वाचेल."

"वाचू दे की. आपल्यात काय लपवायचं हाय?"

"मामा, तो फ्रॉड आहे!"

"कोण, नवरदेव?"

"पत्रिका, मामा! पत्रिका खोटी आहे."

"खोटी हाय का त्यात माझं नाव न्हाई? मामाचं नाव न्हाई अशी पत्रिका डोळ्यांनी बघितल्याबिगर मी सोडणार न्हाई. दाबतो बघ."

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. माझं शिक्षण, माझं इंग्रजी, हेल्पलाइनचा सल्ला, सगळं संपलं होतं. आणि मग माझ्या तोंडातून, कुठून कोण जाणे, हे बाहेर पडलं :

"मामा, नाव आहे तुमचं. पण काकांच्या खाली छापलंय."



"खाली?"

"खाली. पप्पा म्हणाले, असली पत्रिका मेहुण्याच्या नजरेला पडता कामा नये. म्हणून रद्द केली. आता नवीन छापणार, तुमचं नाव सगळ्यात वर. जुनी कुणाकडे राहिली तर तुमचाच अपमान."

"मामी!" मामा ओरडले (ते बायकोला माझ्यासमोर मामीच म्हणतात). "आगं, ही पत्रिका आधी काढून टाक मोबाईलमधून! अन् साऱ्या पाहुण्यांचे नंबर दे मला."

पुढचं काम मामांनी केलं. माजलगावपासून आष्टीपर्यंत प्रत्येक पाहुण्याला त्यांनी स्वतः फोन करून, समोर बसून असल्यासारखा दम देऊन, ती फाईल पुसायला लावली. कुणाचं काही गेलं नाही. टोळी उचल घेऊन वेळेवर कारखान्यावर गेली. पप्पा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

आठवड्याने पप्पांचं व्हॉट्सॲप परत मिळालं. माझं लग्न मात्र काही केल्या रद्द होईना. खुद्द नवरीने फोनवर सांगितलेलं लग्न ते! कारखान्यावरून दोन दिवसांच्या सवडीने मामा आमच्याकडे आले, तेव्हा नव्या पत्रिकेचा नमुना छापूनच आले होते. सगळ्यात वर मामा, त्यांच्या खाली गणपती, त्याखाली मी, आणि माझ्या शेजारी नवरदेवासाठी ठिपक्याठिपक्यांची एक रिकामी ओळ.

"एवढीच जागा ऱ्हायलीय बघ," मामा म्हणाले. "तेवढं नाव सांग, की छापायला टाकतो."

मम्मी माझ्याकडे बघत होती. पप्पा छताकडे बघत होते. खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. मी एक अख्खा तांब्या प्यायले, मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून ठणकावून सांगितलं,

"मामा, तुमच्या नावाची अक्षरं अजून थोडी मोठी घ्या."