गडबच्या रस्त्यावरचा गोबर गॅस

नव्वदच्या दशकात मी रोज रोहा-पेण एसटीने जायचो. एकदा नागोठण्याला एक बाई चढली. कंडक्टरने कुरकुरत तिची लाकडांची मोळी टपावर चढवली. माझ्या शेजारी बसून ती सारखी स्वतःचे तळवे हुंगत होती आणि पदराला पुसत होती.

ती पुढच्या गडब गावची निघाली. तिथली हमरस्त्याकडेची गोबर गॅसची टाकी मी रोज बघायचो. तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, ‘फुकट इंधन’.

"मावशी, गावात गोबर गॅस असताना लाकडं कशाला?"

ती भडकलीच. "गोठा गावाच्या मागं, पाण्याची हिर त्याच्या मागं, आन् टाकी बांधली रस्त्यावर. सायबांना जीपमधनं दिसाय पायजे ना! रोज शेणाच्या पाट्या वाहा, पाण्याच्या कळश्या वाहा, हातानं कालवा. तवा कुठं चहापुरता गॅस. रानात एक दिस घातला, तर चार दिस चूल पेटते. ह्याला रोजचा दिस घालायचा, आन् भात लाकडावरच."

"पण फुकट आहे ना?" मी म्हणालो.

तिने तळवे माझ्यापुढे धरले. हिरवट, भेगाळलेले.

"मी फुकट हाय, दादा. म्हनून गॅस फुकट."

गडबला ती उतरली. मोळी डोक्यावर घेऊन त्या टाकीसमोरून गेली. वर बघितलंसुद्धा नाही. गॅस किती निघतो, ते कुणीतरी नक्की मोजलं असणार. त्यात काय घातलं, हे मोजायला मात्र त्या जीपमधून कुणी खाली उतरलं नव्हतं.