पहिल्या रांगेतले अप्पा

भाचीच्या गिटारला नव्या तारा लावताना त्यांचा लोखंडी वास बोटांना लागला आणि फ्रँक सरांचा कार्यक्रम आठवला.

सर हैदराबादेत तारनाक्याला राहायचे, हॉटेलांत रॉक वाजवायचे आणि मला गिटार शिकवायचे. माझे वडील, अप्पा, सुलतान बाजारातले वकील. "हॉटेलात वाजवणार का तू?" म्हणत त्यांनी माझी गिटार जिन्यावर आपटून फोडली आणि सरांना दारातून हाकललं. मी पुन्हा कधी गिटार वाजवली नाही.

पुढे शहरात परदेशी कंपन्या आल्या, त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. कंपनीने सरांचा कार्यक्रम ठेवला. "गाण्याचा कार्यक्रम आहे" एवढंच सांगून मी अप्पांना पहिल्या रांगेत, स्पीकरसमोर बसवलं.

पांढऱ्या केसांचे सर स्टुलावर बसून वाजवत होते. बोटं वाकडी झाली होती, पण पोरं वेडी होऊन शिट्ट्या मारत होती. अप्पांनी त्यांना ओळखलं आणि ते उठू लागले.

"बैठो ना चचा, दिखता नै!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी अप्पांचं मनगट धरलं. "बसा. शेवटपर्यंत ऐकायचं."

ते मान खाली घालून बसले. टाळ्या सुरू झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तूही असं वाजवलं असतंस का गं?"

"ते आता कधीच कळणार नाही, अप्पा."

त्यांचा चेहरा पडला. पुढे कधीतरी मला याचा पश्चात्ताप होईल, असं तेव्हा वाटलं होतं. अप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. अजून झालेला नाही.