आधी आपलं टोक

माझ्या वडिलांशी झालेला शेवटचा व्हिडिओ कॉल जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजून नऊ मिनिटांनी तुटला. तो सहा मिनिटं चालला होता. मी दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये होते, अण्णा बार्शीत. त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले.

मी बार्शी सोडली तेव्हा अण्णा कुर्डुवाडी स्टेशनपर्यंत सोडायला आले होते. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. दिल्लीत नवी वर्तमानपत्रं आणि चॅनेलं निघत होती, आणि एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मला उपसंपादकाची नोकरी मिळाली होती. अण्णा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. डब्यात चढून त्यांनी माझी बॅग साखळीने बाकाखाली बांधली, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. लागला नाही तर लगेच दुसऱ्याच्या नावानं ओरडायचं नाही. आधी आपलं टोक तपासायचं."

हे वाक्य ते खात्यातल्या नव्या माणसांनाही ऐकवत. रिसीव्हर कानाला लावून नुसत्या आवाजावरून दोष सांगायची त्यांना सवय होती. जॉइंटमध्ये पाणी शिरलंय, तार चिंचेला घासतेय. ते बहुतेक वेळा बरोबर निघे.

पहिली काही वर्षं मी आर. के. पुरममध्ये एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. लग्नानंतर मयूर विहारला सोसायटीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. डेस्कवर इंग्रजी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि मराठी मुख्यतः बार्शीच्या फोनवर. मुलगी इरा हिंदीतच मोठी होत होती.

मग अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण थांबलं. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात चालत होता. मी रजा काढून तीन आठवडे राहिले आणि परत आले. त्यानंतर फोनचा उपयोग उरला नाही. आई रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायची आणि मला फक्त श्वास ऐकू यायचा. म्हणून धाकट्या भावाने, सुधीरने, घरच्या कॉम्प्युटरला कॅमेरा बसवला. अण्णांना भेटायची माझ्याकडे तेवढीच वाट होती.

कॉल सकाळी सातलाच करावा लागे. बार्शीत आठ वाजता भारनियमन सुरू व्हायचं. दुपारी औषधांनी अण्णांना झोप लागायची. संध्याकाळी मी ड्यूटीवर आणि तिकडे पुन्हा अंधार. सहाला आई त्यांचं तोंड धुऊन, चहा पाजून त्यांना खुर्चीत बसवायची. आठला सुधीर औषधाच्या दुकानात जायचा. त्या दीड वर्षात माझ्यासाठी घर म्हणजे सकाळचे सात ते आठ.

कॉल दहा मिनिटं टिकला तर पुष्कळ. आधी चित्राचे चौकोन व्हायचे, मग अण्णा गोठायचे, मग स्क्रीन काळा. इरा दात घासत मागून बघायची. "मम्मा, आजोबा फिर से अटक गए."

तुमच्यापैकी जे गावी राहिले त्यांना भारनियमन समजावून सांगायला नको, आणि जे बाहेर पडले त्यांना कस्टमर केअर. मोडेम बंद करून तीस सेकंदांनी चालू करा. वाय-फाय सोडून केबल लावा. मी केबल लावली, मग बदलली. फोन आणि मोडेमच्या मधली डबी बदलली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या इंजिनिअरने लॅपटॉप पुसून पुन्हा सगळं भरून दिलं. त्यात इराच्या बारशाचे फोटो गेले. इंटरनेट कंपनीचा माणूस तीनदा आला, तिन्ही वेळा दुपारी. त्याच्यासमोर लाइन एकदाही तुटली नाही. "मैडम, यहाँ तो बिल्कुल ठीक है. प्रॉब्लम सामने वाले की होगी."

मी प्रत्येक तुटलेल्या कॉलची वेळ वहीत लिहीत होते. जवळपास सगळ्या वेळा सात पाच ते सात पंधराच्या मधल्या होत्या. कॉलच सातला लावत होते, त्यामुळे मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. इतर वेळी घरात नेटवर कोणी फारसं बसत नव्हतं. मी कंपनीच्या माणसाचं म्हणणं मानलं आणि सुधीरला सांगितलं की दोष तुझ्याकडे आहे.

"राजधानीत बसून बार्शीची लाइन खराब म्हणतेस होय ताई? इथं माझं सगळं नीट चालतंय."

"मग मोडेम बदलून बघ ना यार, एवढं काय त्यात."

"यार कुणाला म्हणतेस गं? मी तुझा भाऊ आहे."

त्याने मोडेम बदलला. कॉल तुटतच राहिले. हा वाद अण्णांच्या खुर्चीशेजारीच चालायचा.

याच काळात अण्णांची एक खूण सुरू झाली. कॉल चालू असताना ते डाव्या हाताचं बोट वर करून हवेत गोल फिरवायचे, मग अंगठा ओठांकडे न्यायचे. लगेच पुन्हा बोट गोल. आई म्हणायची, "ह्यांना चक्कर येतेय. सुधीर, पाणी आण आधी." सुधीर पेला आणायचा. बहुतेक वेळा तेवढ्यात माझ्याकडचा स्क्रीन काळा व्हायचा. परत जोडणी होईपर्यंत त्यांना पलंगावर आडवं केलेलं असायचं. डॉक्टरांनी चकरेची एक गोळी वाढवली. तिने झोप आणखी वाढली.

शेवटच्या रविवारीही तेच झालं. बोट वर असतानाच चित्र गोठलं. मी मोडेम तीनदा बंद-चालू केला. पावणेआठला सुधीरचा फोन आला, "झोपले ते. आता राहू दे."

बाराव्या दिवशी दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेरावा करून परत आले.

कंपनीतली माझी तक्रार तशीच उघडी राहिली होती. एप्रिलमध्ये तिच्यासाठी एक नवा, वयस्कर माणूस आला. उन्हाच्या आधी काम संपवावं म्हणून सकाळी पावणेसातलाच बेल वाजली. तो जिन्यातल्या टेलिफोनच्या डबीपाशी उभा होता आणि मला त्याने मोडेमच्या दिव्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. सातनंतर काही मिनिटांत दिवा विझला.

"गई?"

"गई."

"सुनिए. नीचे पानी की मोटर चली है."

मी कान दिला. घरघर येत होती. सकाळी नळाला पाणी येतं आणि तळमजल्यावरचे शेजारी टाकी भरायला मोटर लावतात. आम्ही राहायला आलो तेव्हापासून लावतात. मी तो आवाज ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. मोटरीचं पाणी वर नेणाऱ्या पाइपांच्या भिंतीलगतच्या टेबलावर लॅपटॉप असायचा, त्याचा माइकही. आमची टेलिफोनची तार मोटरीच्या वायरला खेटून त्याच पाइपांच्या डक्टमधून वर आली होती; मोटर लागली की लाइन तुटायची. त्याने नवी तार बाहेरून, बाल्कनीवरून आणली. अर्धा तास लागला. त्यानंतर लाइन तुटलेली नाही.

दुपारी मी आईला फोन केला आणि विचारलं की चक्कर आली म्हणून पाणी द्यायचात, ते अण्णा प्यायचे का.

"कुठलं पितात. पेला तोंडाशी नेला की मान फिरवायचे. हातानं ढकलायचे. मग तेच पाणी मी तुळशीला घालायची."

"एकदाही नाही प्यायले?"

"एकदाही नाही. का गं?"

मी संध्याकाळी सुधीरला दुकानात फोन लावून वेगळं विचारलं. त्यानेही तेच सांगितलं. फोन ठेवून मी डाव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवलं, मग अंगठा ओठांकडे नेला: मोटर, पाण्याची.